नागपूरची थंडी व विमानांतील शेगडी

नागपूर म्हटलें कीं पुण्या-मुंबईकडील माणसांच्या डोळ्यांपुढें दोनच गोष्टी उभ्या राहतात : संत्रीं आणि ऊन. त्यांपैकीं उन्हाची कीर्ति मुळींच खोटी नाहीं. वैशाखांत पारा पंचेचाळिसांच्या पलीकडे गेला म्हणजे दुपारीं रस्ते ओस पडतात आणि कावळासुद्धां सांवली सोडून उडत नाहीं. परंतु ज्यांनीं हें शहर मार्गशीर्ष-पौषांत पाहिलें नाहीं, त्यांची त्याच्याशीं ओळख अर्धवटच झाली असें मी म्हणेन. येथून समुद्र फार दूर. हिंवाळ्यांतली हवा कोरडी, आकाश निरभ्र. त्यामुळें दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळतांच आपली सारी ऊब भराभर आकाशाच्या स्वाधीन करते. उत्तरेकडून थंडीची लाट आली म्हणजे तर विचारूंच नये. २९ डिसेंबर २०१८ रोजीं पहाटे येथें पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा पहाटे महालांतल्या बोळांत शेकोट्या पेटतात, कानटोप्या बाहेर निघतात, आणि एरवीं उन्हाच्या नांवानें बोटें मोडणारा नागपूरकर त्याच उन्हाचा कवडसा शोधीत ओट्यावर येऊन बसतो.

मी ह्याच महालांतला. नोकरीच्या निमित्तानें पुण्यास गेलों, त्याला पंचेचाळीस वर्षें होत आलीं. आमचा वाडा आतां राहिला नाहीं. त्या जागीं चार मजली इमारत उभी आहे. थोरली बहीण मात्र नागपुरांतच, धरमपेठेंत, मुलाजवळ असते. गेल्या हिंवाळ्यांत एके रात्रीं तिचा फोन आला. प्रकृतीची विचारपूस झाली, आणि मग ती एकदम म्हणाली, “अरे, तुझ्या भाच्यानें विमानांत शेगडी बसवावयाची काढली आहे. माझें तो ऐकत नाहीं. तूं एकदां येऊन जा.”

दुसऱ्या कोणीं हें वाक्य ऐकलें असतें तर तें थट्टेवारी नेलें असतें. मला तें तसें नेतां आलें नाहीं. ताईनें ‘शेगडी’ हा शब्द कोणत्या आठवणीनें उच्चारला हें मला ठाऊक होतें. त्या आठवणीचा एक भाग असा होता कीं तो मीं कोणालाच कधीं सांगितला नव्हता. मीं दुसऱ्याच दिवशीं महाराष्ट्र एक्सप्रेसचें तिकीट काढलें.

भाचा माझ्याहून अवघ्या चौदा वर्षांनीं लहान. यंत्रशास्त्राचा पदवीधर, कारखान्यांतील नोकरींतून मुदतीपूर्वींच मोकळा झालेला. गेलीं पांच वर्षें दोन मित्रांच्या साहाय्यानें तो एक दोन आसनी विमान बांधीत आहे. घरीं बांधलेलें विमान म्हटलें कीं पुष्कळांना हंसूं येतें. परंतु परदेशांत अशीं हजारों विमानें हौशी लोकांनीं बांधलेलीं आहेत आणि तीं नित्य उडतात. आपल्याकडेहि मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागांत अमोल यादव ह्या वैमानिकानें राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधिलें. तें २०१६ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, आणि त्याची सरकार-दरबारीं नोंद होण्यास २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. विमान बांधण्यास लागणारी चिकाटी कांहीं थोडी नसते. पण तें उडविण्याची परवानगी मिळविण्यास त्याहूनहि मोठी लागते. भाच्याचें विमान अद्याप ह्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलेलें नाहीं.

पोहोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो मला आपल्या कारखान्याकडे घेऊन निघाला. कारखाना म्हणजे बुटीबोरीच्या वाटेवर भाड्यानें घेतलेली एक पत्र्याची शेड. वर्धा रस्त्यानें जातांना सोनेगांवचा विमानतळ लागतो. २००५ पासून त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव आहे. आतां तेथें मोठमोठीं जेट विमानें उतरतात, आणि शेजारच्या मिहान प्रकल्पांत तीं दुरुस्तीसहि येतात. मला मात्र ती जागा दिसली कीं आमचे नाना आठवतात.

आजच्या तरुण वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल, पण एके काळीं साऱ्या हिंदुस्थानचीं पत्रें मध्यरात्रीं ह्या सोनेगांवांत एकमेकांस भेटत असत. नागपूर देशाच्या मधोमध पडतें. इंग्रजी अमदानींतल्या मोजणीखात्याचा शून्य मैलाचा खांब अजून शहरांत उभा आहे. रफी अहमद किडवई दळणवळणमंत्री असतांना १९४९ च्या जानेवारीअखेर रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली, तिचा सारा डोलारा ह्या मध्यावरच उभा होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांतून चार विमानें रात्रीं निघत व मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगांवास उतरत. तेथें थैल्यांची अदलाबदल होई, आणि प्रत्येक विमान दुसऱ्या तीन शहरांचीं पत्रें पोटांत घेऊन आपल्या गांवीं परते. रात्रीं मुंबईस पेटींत टाकलेलें पत्र सकाळीं कलकत्त्यास! १ एप्रिल १९४९ पासून तर साध्या पत्रासहि जादा आकार न घेतां विमानानें नेण्याची सोय झाली. प्रारंभीं हें काम खाजगी कंपन्यांकडे होतें. १ ऑगस्ट १९५३ रोजीं विमानकंपन्यांचें राष्ट्रीयीकरण झाल्यावर तें इंडियन एअरलाइन्सकडे आलें. १९७० नंतरच्या दशकांत ती सेवा बंद पडली.

विमानें होतीं बहुतेक डाकोटा, महायुद्धानंतर स्वस्तांत मिळालेलीं. त्यांच्या भरंवशावर चार शहरांचें टपाल रात्रींच्या अंधारांतून ये-जा करीत होतें. ह्या सेवेनें माणसांची किंमतहि मोजली आहे. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे सोनेगांवाहून उडालेली एक डाकोटा लगेच कोसळली. तींत तेरा जण दगावले, त्यांत कामगारपुढारी व खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. विमान चालविणारा तेवढा वांचला.

आमचे नाना टपालखात्यांत होते, आणि कित्येक वर्षें त्यांची रात्रपाळी ह्याच कामावर असे. सायंकाळीं जेवून ते सायकलीनें सोनेगांवास जात आणि शेवटचें विमान उडालें कीं पहाटे परत येत. हिंवाळ्यांत ते घरीं आले म्हणजे त्यांचे हात आधीं चुलीशीं धरावे लागत. ते सांगत, “दिल्लीची थैली डोळे मिटूनहि ओळखतां येते. ती चोहोंपेक्षां गार असते.” पत्रांना थंडी वाजते ही गोष्ट आम्हां मुलांना तेव्हां फार मौजेची वाटे.

शेडमध्यें शिरल्यावर प्रथम डोळ्यांत भरलें तें त्या विमानाचें लहानपण. पंख वेगळे करून भिंतीशीं टेंकून ठेवले होते. धड ॲल्युमिनियमच्या पत्र्याचें, हजारों रिबिटांनीं जोडलेलें. आंत दोन माणसें खांद्याला खांदा लावून बसतील एवढीच जागा. पुढें चार सिलिंडरांचें, हवेनें थंड होणारें इंजिन उघडें होतें. इंजिन आणि बसावयाची जागा ह्यांच्यामध्यें स्टेनलेस स्टीलचा एक पातळ पत्रा होता. जाडी अवघी ०.४ मिलिमीटर. त्याला फायरवॉल म्हणतात. पुढें आग लागली तर ती कांहीं काळ तरी मागें येऊं नये, एवढेंच त्या पत्र्याचें काम. आणि त्या काळांत विमान खालीं उतरवावयाचें, हें वैमानिकाचें.

मीं सरळ विषयाला हात घातला. “ज्या गांवांत माणसें उन्हानें मरतात, तेथें विमानाला हीटर कशाला?”

तो हंसला. “मामा, सारे जण हेंच विचारतात. पण हिशेब ऐका. वर जावें तसतशी हवा थंड होते. सरासरीनें दर हजार मीटरला साडेसहा अंश. डिसेंबरांतल्या दुपारीं येथें अठ्ठावीस अंश असले, तरी तीन हजार मीटरवर ते दहा-बाराच्या घरांत येतात. त्यांत पुढून ताशीं दीडशें किलोमीटर वेगाचा वारा. दाराच्या प्रत्येक फटींतून तो आंत येतो. हलावयास जागा नाहीं, चालावयास तर नाहींच. दोन तासांनीं बोटें ताठरतात, आणि उतरण्याची वेळ नेमकी तेव्हांच येते. ही गोष्ट येथली. उत्तरेकडे थंडीच्या लाटेंत गेलें तर वर पारा शून्याखालींहि जातो.”

नंतर त्यानें रचना दाखविली, आणि मला मोठें नवल वाटलें. ती रचना मीं लहानपणापासून पाहिलेली होती. आपल्या न्हाणीघरांतला तांब्याचा बंब वाचकांपैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. मधून विस्तवाची नळी जाते, तिच्याभोंवतीं पाणी असतें. विस्तव पाण्याला शिवत नाहीं, पण त्याची धग नळीच्या पत्र्यांतून पाण्यास मिळते. विमानांतला हीटर म्हणजे हवेचा बंब! इंजिनांतून निघणारा जळका वायू सातशें-आठशें अंश तापलेला असतो. तो ज्या सायलेन्सरांतून बाहेर पडतो, त्याच्याभोंवतीं बोटभर अंतर राखून दुसऱ्या पत्र्याचें वेष्टण बसवावयाचें. पुढून एका नळीनें बाहेरची स्वच्छ हवा त्या पोकळींत आणावयाची, आणि तापली म्हणजे दुसऱ्या नळीनें फायरवॉलवरील झडपेच्या पेटींत सोडावयाची. वैमानिकानें मूठ ओढली कीं झडप उघडून ऊन हवा पायांशीं येते. ढकलली कीं तीच हवा बाहेर निघून जाते.

“ती अडत मात्र कधींच नाहीं,” भाचा म्हणाला. “आंत नको असेल तेव्हां तिला बाहेर वाट हवी. हवा कोंडली तर पत्रा लाल होईल आणि सायलेन्सर लवकर फुटेल.”

झडपेची पेटी प्रथम त्यानें ॲल्युमिनियमची आणली होती. ती हलकी, स्वस्त आणि दिसावयास सुबक होती. मग त्याच्या ध्यानांत आलें कीं ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें. फायरवॉलला दोन इंचांचें भोंक पाडावयाचें आणि त्यावर वितळणारें झांकण बसवावयाचें, ह्याला अर्थ काय? ती पेटी त्यानें काढून टाकली व स्टीलची बसविली. असल्या एकेका विचारांत एकेक महिना जातो.

“पण ताई म्हणते तें खरें नाहीं कां?” मीं विचारलें. “हीटरच नको. लोकरीचे मोजे घालावे.”

“मोजे तर घालूंच. पण हें वेष्टण काढतां येत नाहीं, मामा. कार्ब्युरेटरलाहि ऊन हवा येथूनच जाते. पेट्रोलची वाफ होतांना तेथील हवा इतकी गार होते कीं बाहेर पंधरा-वीस अंश असतांनासुद्धां दमट हवेंत आंत बर्फ धरतें आणि इंजिन गुदमरतें. आणि समजा, वेष्टण काढलें. तरी सायलेन्सर माझ्या गुडघ्यांपुढेंच राहणार. त्याला चीर पडली तर तो वायू फायरवॉलच्या कोणत्याहि लहानशा भोंकांतून आंत येईल. हीटर काढल्यानें भय जात नाहीं. तें दिसेनासें होतें, एवढेंच.”

ताईला ज्याचें भय होतें तो हाच वायू. कार्बन मोनॉक्साइड त्याचें नांव. कोळसा, लांकूड, पेट्रोल, कांहींहि अपुऱ्या हवेंत जळलें कीं तो उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. धुरानें डोळे चुरचुरतात, खोकला येतो, माणूस सावध होतो. हा वायू एकटा आला तर इतकीहि सूचना देत नाहीं. तो तळाशीं सांठून राहतो ही समजूतहि चुकीची. हवेहून तो किंचित् हलकाच आहे आणि साऱ्या खोलींत सारखा पसरतो. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिनाला प्राणवायूपेक्षां त्याची ओढ दोनशें पटींहून अधिक. एकदां त्यानें तेथें ठाण मांडलें कीं प्राणवायूला जागाच उरत नाहीं. डोकें दुखतें, गुंगी येते, आणि ज्या बुद्धीनें धोका ओळखावयाचा ती बुद्धीच आधीं मंदावते.

विमानांत ह्याचा परिणाम काय होतो ह्याचें एक उदाहरण भाच्यानें सांगितलें. २१ जानेवारी २०१९ रोजीं रात्रीं एमिलियानो साला नांवाचा अर्जेंटिनाचा तरुण फुटबॉलपटु फ्रान्समधील नांत येथून वेल्समधील कार्डिफला एका लहान विमानानें जात होता. विमान इंग्लिश खाडींत कोसळलें. पुढें त्याचें शव मिळालें तेव्हां रक्तांतील ५८ टक्के हिमोग्लोबिन ह्या वायूनें व्यापलेलें आढळलें. २०२० मध्यें ब्रिटिश चौकशीमंडळानें अहवाल दिला. वैमानिकालाहि बहुधा हीच बाधा झाली असावी, आणि इंजिनाचा जळका वायू बसावयाच्या जागेंत शिरला असावा, असा त्यांतला निष्कर्ष होता. अशीच थंडीची रात्र, अशीच ऊब हवीशी वाटणारी.

हें ऐकत असतां माझ्यानें राहवेना. पंचावन्न वर्षें पोटांत ठेवलेली गोष्ट त्या शेडमध्यें मीं त्याला सांगितली.

१९६९ चा डिसेंबर. ताई तेव्हां सासरीं अकोल्यास असे. पहिल्या बाळंतपणाला माहेरीं आली होती. हा भाचा जन्मून दहा-बारा दिवस झाले असतील. वाड्यांतली कोपऱ्याची खोली बाळंतिणीला दिलेली. बाजेखालीं शेगडी, निखाऱ्यावर ओंवा-बाळंतशेपांची धुरी, दाराला जाड पडदा. आजीचा एक नियम मात्र कडक होता : खिडकीची एक फळी चार बोटें उघडी राहिली पाहिजे. कितीहि गारठा असो, ती बंद करावयाची नाहीं. कां, हें ती सांगत नसे. तिच्या सासूनें तिला तसें सांगितलेलें होतें.

त्या रात्रीं थंडी अतोनात होती. पोर किरकिर करी म्हणून आजी त्याला घेऊन माजघरांत निजली होती. मी अभ्यास आटोपून उशिरां उठलों, तों ताईच्या खोलींतून गार वाऱ्याची झुळूक आली. डोकावून पाहिलें, ताई अंगाचें मुटकुळें करून निजलेली. मला वाटलें, बिचारीला वारा लागत असेल. मीं हळूच आंत गेलों, खिडकीची फळी लावली, कडी घातली, पडदा नीट ओढला, आणि एक सत्कृत्य केल्याच्या समाधानांत जाऊन झोंपलों.

पहाटे नाना सोनेगांवाहून परत आले. विमानें वेळेवर आलीं होतीं, वेळेवर गेलीं होतीं. म्हणून तेहि वेळेवर आले. दाराशीं सायकल लावून त्यांनीं नेहमींप्रमाणें ताईला हांक मारली. ओ आली नाहीं. पुन्हां मारली. मग ते आंत गेले. पुढचें मला तुकड्यांतुकड्यांनीं आठवतें : खाडकन् उघडलेली खिडकी, आजीचा आक्रोश, नानांनीं ताईला उचलून अंगणांत आणलेलें, चांदण्यांत तिचें लोंबणारें डोकें. मोकळ्या हवेंत तिनें डोळे उघडले. वांती झाली. डॉक्टर आले, म्हणाले, आणखी तासाभरानें उपयोग झाला नसता. संध्याकाळपर्यंत तिचें डोकें फुटत होतें. रक्तांतला निम्मा वायू बाहेर पडावयाला मोकळ्या हवेंतहि चार-पांच तास लागतात, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें.

खिडकी कोणीं लावली, हा प्रश्न कोणीं विचारलाच नाहीं. वाऱ्यानें लागली असेल, असें आजी म्हणाली. कडी वाऱ्यानें लागत नाहीं, हें तिला समजत नव्हतें असें नाहीं. मी चौदा वर्षांचा होतों, गप्प बसलों. नंतर बोलण्याची वेळ गेली, आणि मग ती येईचना.

भाच्यानें सारें ऐकून घेतलें. बराच वेळ तो हातांतल्या पान्याकडे पाहत होता. मग म्हणाला, “मामा, आज सायलेन्सर तपासावयाचा आहे. तुम्हींच ब्रश धरा.”

तपासणीची रीत अगदीं साधी आहे. सायकलचें पंक्चर काढणारा मुलगाहि ती ओळखील. सायलेन्सरवरचें वेष्टण उतरवावयाचें. एका टोंकाकडून त्यांत हवा भरावयाची. त्यानें घरचा व्हॅक्यूम क्लीनर उलट बाजूनें जोडला होता. दुसरें टोंक बुजवावयाचें, आणि जोडाजोडावर साबणाचें पाणी फिरवावयाचें. चीर असेल तेथें फुगा येतो. मी ब्रश फिरवीत होतों. भाचा व त्याचे दोघे मित्र वांकून पाहत होते. तीन जोड कोरडे निघाले. चौथ्या जोडाशीं, डागाच्या कडेला, मोहरीएवढा एक फुगा उठला. तो फुटला, आणि त्याच जागीं दुसरा आला.

भिंगानें पाहिल्यावर केंसाएवढी चीर दिसली. त्या रविवारीं इंजिन प्रथमच चालवून दाखवावयाचें ठरलें होतें; आठ-दहा स्नेह्यांना बोलावणें गेलें होतें. एक मित्र हळूच म्हणाला, “नुसतें जमिनीवर तर चालवावयाचें आहे. दारें उघडीं ठेवूं.” त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. परंतु भाच्यानें पाना उचलला आणि सायलेन्सर सोडवावयास सुरुवात केली. नवा डाग, पुन्हां तपासणी, पुन्हां जोडणी. तीन आठवड्यांची निश्चिंति. आमंत्रणें त्यानें तेथूनच फोन करून रद्द केलीं. कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यानें एकच उत्तर दिलें, “एक फुगा आला.”

परत निघण्यापूर्वीं त्यानें मला आणखी दोन वस्तू दाखविल्या. एक, हा वायू आला कीं कर्कश वाजणारें लहानसें विजेचें यंत्र. तें वैमानिकाच्या डोळ्यांपुढेंच बसवावयाचें. दुसरी, दाराच्या वरच्या बाजूला असलेली हवेची एक वाटोळी वाट. तिला झांकण होतें. ते त्यानें माझ्यादेखत चार बोटें उघडें करून तेथेंच रिबीट मारून पक्कें केलें. आतां तें बंद होऊं शकत नाहीं. “थोडी थंडी लागेल,” तो म्हणाला, “पण आजीचा नियम पाळला जाईल.”

त्या रात्रीं धरमपेठेंत जेवावयास गोळाभात होता. जेवणें झाल्यावर ताई शाल पांघरून गॅलरींत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलों आणि म्हटलें, “ताई, त्या रात्रीं खिडकी...”

“तूं लावलीस,” ती शांतपणें म्हणाली. “मी जागी होतें.”

मला कांहीं बोलतांच येईना.

“थंडीनें दांत वाजत होते रे. तूं कडी घातलीस, वारा थांबला, आणि काय बरें वाटलें म्हणून सांगूं! तुला हांक मारून आणखी एक पांघरूण मागावें असें मनांत आलें होतें. पण इतकी गोड गुंगी आली कीं तोंड उघडावेंसेंच वाटेना. म्हणून तर मला भय वाटतें. तेव्हां मला कांहीं दुखलें असतें, कोंडल्यासारखें झालें असतें, तर मी ओरडलें असतें. मला नुसतें बरें वाटत होतें.”

मग थोड्या वेळानें तिनें विचारलें, “त्याच्या विमानाची खिडकी उघडते ना?”

मीं तिला त्या वाटोळ्या झांकणाची आणि रिबिटीची हकीकत सांगितली. ती हंसली. “मग बसवूं दे शेगडी,” म्हणाली.

परतीच्या प्रवासांत मी तिच्या बोलण्याचा विचार करीत होतों. थंडींत ऊब हवी असणें हा कांहीं दोष नव्हे. मीं कडी घातली ती मायेनेंच. परंतु विस्तवाजवळ नुसती माया पुरत नाहीं; तेथें आजीचीं चार बोटेंहि हवींत. जुन्या बायकांनीं नियम सांगितला, कारण सांगितलें नाहीं. म्हणून तो माझ्यासारख्या पोराला मोडतां आला. आज कारण ठाऊक आहे, तरी दर हिंवाळ्यांत बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजलेल्या माणसांच्या आणि गॅसच्या गीझरनें न्हाणीघरांत गुदमरलेल्या मुलींच्या बातम्या आपण वाचतोंच. विमान बांधणारे आपल्यांत थोडे. पण शेगडी, बंब वा गीझर नाहीं असें घर कोठें आहे? त्याच्या धुराला बाहेर वाट आहे ना, आणि खोलींत मोकळी हवा येते ना, हें पाहण्यास विमानविद्या शिकावी लागत नाहीं.

गाडी सुटली तेव्हां पहाटेची थंडी होती. समोरच्या बांकावरील एका गृहस्थांनीं खिडकीची कांच लावून घेण्याविषयीं मला विनविलें. मीं ती लावली. मात्र अगदीं पुरी नाहीं.